रमाबाई सावरल्या कशा?

आठ वर्षं म्हणजे किती काळ? दहावीचं वर्ष सुरू झाल्यापासून एम.ए. किंवा एम.कॉम.चा शेवटचा पेपर देईपर्यंतचा. तुमची आत्ता जी वर्षं चालली आहेत, नेमकी तीच. अॅडमिशनची धावपळ, एटीकेटी, ब्रेकअप, इंटर्नशिप, कॅम्पस प्लेसमेंट, घरच्यांशी खटके. एवढ्यानेच रात्र रात्र झोप लागत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता अशी एक मुलगी डोळ्यासमोर आणा, जिने साधारण याच आठ वर्षांत वडील गमावले, आई गमावली, मोठी बहीण गमावली, मग भाऊ आणि शेवटी नवराही. तेविसाव्या वर्षी ती विधवा होती. कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी होती आणि काळ असा की, विधवेचं तोंड दिसलं तर लोक अपशकुन मानत. शिवाय तिला ऐकायला कमी येत होतं.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादा परिच्छेद असतो: समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन. परीक्षेत दोन मार्कांची टीप लिहून आपण पुढे जातो. पण त्या परिच्छेदात एक प्रश्न कुणी विचारत नाही. एवढं सगळं झाल्यावर ही बाई उभी कशी राहिली? नुसती उभी राहिली नाही, तर पुढे जवळपास दोन हजार जणांचं घर चालवण्याइतकी धडधाकट कशी झाली? रमाबाईंना स्वतःला विचारलं असतं, तर त्यांनी उत्तर एका शब्दात दिलं असतं: ख्रिस्त. ते उत्तर पटो न पटो, ते समजून घ्यायला हवं. कारण श्रद्धेने माणसाची तब्येत सुधारते का, मन सावरतं का, हा प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

उपास आणि उपासमार

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने त्यांना धारेवर धरलं, तरी ते मागे हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी मग लेकीला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक लहानग्या रमाला तोंडपाठ होते.

कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव फिरायचं. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं आणि जवळ पैसा असेल तो दानधर्मात घालायचा. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा घरात काहीच उरलेलं नव्हतं. मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. व्रतं, अनुष्ठानं, उपास चालूच होते. हळूहळू उपास कुठे संपला आणि उपासमार कुठे सुरू झाली, हे कळेनासं झालं. काही दिवस तर पाणी आणि झाडपाल्यावर निघाले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. रमाबाईंनी स्वतः खांदा दिला आणि त्या ठेंगण्या असल्यामुळे तिरडी डोक्यावर घ्यावी लागली.

उरली दोन भावंडं, रमा आणि श्रीनिवास. दोघं पायी देश पालथा घालत निघाली, हजारो मैल. थंडीत पांघरूण नसे, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात झोपत. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झालं. आणि १८८० मध्ये श्रीनिवास गेला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले.

इथे थोडं थांबा. या पाच मृत्यूंमध्ये भूक आहे, साथीचा रोग आहे, न मिळालेले उपचार आहेत. रमाबाईंच्या मनात आरोग्याचा प्रश्न आला तो पुस्तकातून नाही, तर घरातल्या माणसांच्या मरणातून. म्हणूनच १८८२ मध्ये पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शिक्षणाबरोबर एक गोष्ट ठासून मांडली: आपल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि उपचारांवाचून मरतात. तेव्हा बायकांना डॉक्टर करा. रमाबाईंना स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं.

इंग्लंडमधला अंधार

‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहून मिळालेल्या पैशांच्या जोरावर १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेज इथल्या सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे त्या उतरल्या. डॉक्टर व्हायचं स्वप्न मात्र तिथे संपलं, कारण कानांनी साथ दिली नाही. ऐकू येत नसेल तर वैद्यकीचे वर्ग कसे करणार?

त्यानंतरचा घाव याहून मोठा होता. परक्या देशात आनंदीबाईंचं मनःस्वास्थ्य ढासळलं आणि त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. रमाबाई पार हादरल्या. नंतर ऑक्सफर्डला प्रा. मॅक्स म्युलर यांच्याकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांची मनःस्थिती अशी होती की, रात्री खोलीत सोबतीला एक मोलकरीण झोपवावी लागत असे. आज आपण त्याला ट्रॉमा म्हणू. तेव्हा या अर्थाने हा शब्द रूढ नव्हता, त्रास मात्र तोच होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला. कुणी म्हणालं मिशनऱ्यांनी फसवलं, कुणी म्हणालं दुःखाने मती फिरली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मन खचलेलं असताना घेतलेला एवढा मोठा निर्णय खरा किती आणि आधाराची धडपड किती, असा प्रश्न आजचा कुणी समुपदेशकही विचारेल.

त्याचं उत्तर पुढच्या वर्षांत मिळतं. फक्त आधार हवा असता, तर रमाबाई जोगिणींच्या छायेत निमूट राहिल्या असत्या. त्या तशा राहिल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. चर्चची अमुक शिकवण मला पटत नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. खाणं शाकाहारीच ठेवलं. बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो १८९१च्या सुमाराला, असं त्या पुढे सांगत. म्हणजे आठ वर्षं शोध चालूच होता. औषधाची गोळी घेतली आणि डोकं थांबलं, असा हा प्रकार नव्हता.

मग त्यांना या धर्मात सापडलं काय? लंडनच्या फुलम भागात जोगिणींचं एक सेवाघर होतं. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे आणि जोगिणी त्यांच्याशी मायेने वागत. रमाबाईंनी हे पाहिलं आणि त्या चक्रावल्या. अशा बायकांवर कुणी माया करू शकतं? तेव्हा एका जोगिणीने त्यांना शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. जिच्या हातचं पाणी कुणी घेऊ नये, जिच्याशी कुणी बोलू नये, तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीने बोलतो. विधवा, परजातीत लग्न केलेली, अपशकुनी ठरलेली एक बाई ही गोष्ट ऐकत होती, हे लक्षात घ्या. आपल्या माणसांचे मृत्यू हे आपल्या पापाचं फळ आहे, असं जिला आयुष्यभर ऐकवलं गेलं, तिला कुणीतरी सांगत होतं की तू शापित नाहीस. मनाच्या आरोग्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट कोणती?

श्रद्धेचं वेळापत्रक

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, ते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. एकीचं डॉक्टर व्हायचं स्वप्न मोडलं होतं, दुसरीचं पुरं होत होतं. पण पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. रमाबाई अमेरिकेत राहून भाषणं देत फिरल्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिलं, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ला आपल्या मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. महर्षी कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या याच. पुढे सदन पुण्याला हललं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा वाद पेटला, मोठमोठ्या सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई एकट्या पडल्या, पण मोडल्या नाहीत.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपलं बालपण आठवलं नसेल? अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. जुनी जखम टाळायला तोंड फिरवतो किंवा तिच्यातच हात घालतो. रमाबाईंनी शेकडो मुली बरोबर आणल्या. पुण्यात प्लेग होता, निर्बंध होते, म्हणून पुण्यापलीकडे केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्काम हलवला. प्लेगच्या सरकारी छावणीत मुलींची कशी आबाळ होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात लिहून जाहीरपणे सांगितलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि हे घर दोन हजारांच्या आसपास पोचलं. तेच मुक्ती मिशन.

श्रद्धा आणि आरोग्य यांचं नातं बघायचं, तर केडगावचा दिवस बघा. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने. मग शाळा. मग हाताला काम: शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक. विहिरी खणल्या, म्हणजे चांगलं पाणी आलं. शेत पिकवलं, म्हणजे ताटात भाजी आली. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवायला सुरुवात केली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन उभं राहिलं. तिथे जातीची वेगळी पंगत नव्हती.

यातली एकेक गोष्ट आजच्या भाषेत मांडून पाहा. ठरलेल्या वेळी उठणं-झोपणं, पोटभर साधं जेवण, अंगमेहनत, व्यसनाला जागा नाही, नाव घेऊन हाक मारणारी माणसं, आपल्याशिवाय अडेल असं काहीतरी काम, आणि रोज काही वेळ शांत बसून मनातलं सगळं बोलून टाकायची सोय. मानसोपचारतज्ज्ञ आज साधारण हीच यादी तुमच्या हातात ठेवतील. फरक एवढाच की, रमाबाईंसाठी ती टिप्सची यादी नव्हती. ती उपासना होती. म्हणून एक जानेवारीला सुरू होऊन पंधरा जानेवारीला बंद पडली नाही.

क्षमा ही आणखी एक गोष्ट. ज्यांनी निंदा केली, संस्था मोडायला निघाले, त्यांच्याबद्दल राग धरून बसायला रमाबाईंकडे भरपूर कारणं होती. पण रोज प्रार्थनेत आपल्याला क्षमा मागायची असेल, तर दुसऱ्यालाही ती द्यावी लागते, हा ख्रिस्ती शिस्तीचा भाग आहे. राग उतरवला की सर्वात आधी आपलीच झोप सुधारते.

आकडे काय सांगतात?

ही फक्त जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत ७४,५३४ परिचारिकांची माहिती १६ वर्षं पाहून हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक निष्कर्ष मांडला. आठवड्यातून एकदाहून जास्त वेळा धार्मिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. यातल्या बहुतेक जणी ख्रिस्ती होत्या. कारणं शोधली, तेव्हा लोकांचा आधार, कमी धूम्रपान, कमी नैराश्य, जास्त आशावाद अशा गोष्टी पुढे आल्या.

पण हा आकडा जपून वापरा. एक म्हणजे, हा संबंध आहे, हमी नाही. दुसरं, हे फायदे एकट्याने मोबाइलवर प्रवचन ऐकून मिळालेले नाहीत. लोकांत जाऊन, नियमाने उपासना करणाऱ्यांचे आहेत. मंदिरातली आरती, गुरुद्वारातला लंगर, मशिदीतली जमात, विपश्यनेचं शिबिर यांतूनही माणसं सावरतात, हे तुम्ही आसपास पाहता. रमाबाईंना ते ख्रिस्तात मिळालं आणि ती त्यांची खरी कहाणी आहे, म्हणून ती तशीच सांगायला हवी.

जे बरं झालं नाही

आता गोष्टीची दुसरी बाजू. श्रद्धेने रमाबाईंचे कान बरे झाले नाहीत. उलट बहिरेपण वाढतच गेलं. श्रद्धेने दुःख टळलं नाही. आईच्या कामाचा सगळा भार पुढे ज्यांच्यावर जायचा, त्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेल्या. पाच मृत्यूंनी सुरू झालेल्या आयुष्याच्या शेवटाला सहावा मृत्यू आला.

तेविसाव्या वर्षीची रमाबाई आणि त्रेसष्टाव्या वर्षीची रमाबाई यांच्यातला फरक इथे दिसतो. साध्या मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यासाठी त्या उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेक गेल्यावरही ते काम थांबलं नाही. ते हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. ते बायबल १९२४ मध्ये छापून आलं.

आणखी एक. रमाबाईंनी प्रार्थनेला दवाखान्याचा पर्याय कधी मानलं नाही. बायकांना डॉक्टर करा म्हणून सांगणारी बाई ते मानेलच कशी? आपल्या उपनगरातच बघा. अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर होली स्पिरिट हॉस्पिटल आहे, ते जोगिणींनीच उभारलेलं. चॅपल आणि ऑपरेशन थिएटर एकाच आवारात नांदतात. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की फक्त श्रद्धा ठेव, गोळ्या बंद कर, तर ऐकू नका. श्रद्धा कमी पडली म्हणून तुला नैराश्य आलं, असं कुणी म्हणालं, तर तेही ऐकू नका. आनंदीबाई भगतांना वेळेवर मदत मिळाली असती, तर त्यांचीही गोष्ट आज वेगळी सांगितली गेली असती. आज ती मदत आहे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मनात नको ते विचार येत असतील, तर आजच फोन करा. मित्राला येत असतील, तर त्याच्या शेजारी बसून लावून द्या.

एखाद्या सुट्टीत जमलं तर केडगावला जाऊन या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लाइनवर स्टेशन आहे. मुक्ती मिशन अजून चालू आहे, तिथे मुलींना आणि निराधार बायकांना अजून आसरा मिळतो. जाणं नाही जमलं, तर निदान एवढं करा. तुमच्या वर्गात, तुमच्या बिल्डिंगमध्ये असं कुणी असेलच, ज्याच्याशी हल्ली कुणी बोलत नाही. विहिरीवरच्या त्या बाईसारखं. त्याच्याकडे जा आणि पाणी मागा, नोट्स मागा, काहीही मागा. रमाबाईंचं सावरणं अशाच एका गोष्टीपासून सुरू झालं होतं.